एक ओळ कमी

मगदूम अक्का मनगटावर घड्याळ उलटं बांधत, तबकडी आतल्या बाजूला. वेळ बघायची झाली की तळहात वर करत. नवख्या माणसाला वाटे, बाई काहीतरी मागतायत. मागतच असत त्या. "किती वाजता झालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. छपाई होईना, मशीन अडकलं, एखाद्या डॉक्टरला पेशंटचा रिपोर्ट दिसेना, कुणी कितीही धावत आलं तरी अक्का आधी घड्याळात बघत आणि मग विचारत: किती वाजता झालं, काय करताना झालं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. चारच प्रश्न. पाचवं काही सांगायला गेलं की म्हणत, "ते तुझं मत हाय. मत शेवटी. न्हाई सांगितलंस तरी चालंल."

त्यांच्याबद्दल लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. चांगलं लिहायला पुष्कळ आहे. पण मी त्यांच्याशी जे केलं ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचा मला अधिकार नाही, आणि ते सांगायचं ठरवलं की हात थांबतो. आजही थांबत होता. तरी लिहितो.

राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या जिन्याखाली आमचा कॉम्प्युटर विभाग होता. दोन सर्व्हर, गळणारा एसी, एसीखाली प्लास्टिकची बादली आणि दोन खुर्च्या. विभाग म्हणजे आम्ही दोघंच. अक्का प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. त्या मूळच्या निपाणीकडच्या. घरी कानडी, बाहेर मराठी. वडिलांनी इचलकरंजीत माग घातले तेव्हा त्या लहान होत्या, त्यामुळं शाळा आणि अभ्यास सगळं मागांच्या खडखडाटात झालं. बोलायच्या ते मोठ्यानं, आणि इथल्या बायका बोलतात तसं "मी येतो, मी बघतो" असं. मला तम्मा म्हणत. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, पण बारा वर्षं मी त्या खोलीत तम्माच होतो.

त्या हॉस्पिटलात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. सर्व्हर चालवणारं लिनक्स त्या स्वतःच शिकल्या, छापून काढलेल्या कागदांवर पेन्सिलीनं खुणा करत. ते कागद त्यांनी पिठाच्या रिकाम्या पिशवीत ठेवले होते आणि पिशवी कपाटात.

आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्समध्ये एक पहारेकरी असतो. कोणत्या प्रोग्रामनं कोणत्या फाइलला हात लावायचा याचे त्याच्याकडं नियम असतात. नियमाबाहेर कुणी गेलं की तो अडवतो आणि एक ओळ लिहून ठेवतो: इतक्या वाजता, अमक्या प्रोग्रामनं, तमकी फाइल मागितली, दिली नाही. या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. कधीकधी पहारेकरी बरोबर माणसालाही अडवतो आणि काम थांबतं. तेव्हा बरेच लोक एक छोटीशी आज्ञा देऊन पहारेकऱ्याला ढिला करतात. मग तो बघतो, लिहितो, पण अडवत नाही. काम लगेच चालू होतं. मीही आधीच्या नोकरीत हेच करत आलो होतो.

पहिल्याच आठवड्यात लॅबची छपाई अडली. मी ती आज्ञा टाइप केली होती, फक्त शेवटची कळ दाबायची होती. अक्कांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि कीबोर्डच ओढून घेतला.

"माग बघितलायस काय कधी, तम्मा?"

"लांबून बघितलाय."

"धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्याला एक तार असती. काही इणकर ती तार बांधून टाकत्यात. मग माग थांबत न्हाई, दिवसभर पळतोय. सांजच्याला कापड उलगडून बघितलं की भोकंच भोकं. माझा बाप तार बांधणाऱ्याला शेडमध्नं हाकलायचा. तू आज पहिल्यांदा बांधालायस म्हणून सोडतो."

मग त्यांनी मला लॉग गोळा करायला शिकवला. आधी वेळ लिहायची. मग लॅबच्या मुलीला सांगायचं, मघाशी केलंस तेच परत कर, एकदाच. परत वेळ लिहायची. त्या दोन वेळांच्या मधल्या तेवढ्याच ओळी काढायच्या. प्रोग्रामांची नावं आणि आवृत्त्या खाली जोडायच्या. चूक आपली असली तर दुरुस्त करायची. नियमच चुकीचा असला तर हे सगळं बांधून तो नियम लिहिणाऱ्या लोकांना पाठवायचं. ते लोक कुठल्या कुठल्या देशात असत, आम्ही त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"सगळाच लॉग पाठवू या की, अक्का. लागंल ते ते बघतील."

"कुणी तुला पोतंभर भुईमूग दिला आणि म्हणाला, यात एक खवट दाणा हाय, हुडक. हुडकशील?"

अडचण एकच होती. आमच्याकडं स्कॅन केलेल्या फाइलींना पेशंटांची नावं दिलेली असत, त्यामुळं लॉगमध्येही नावं येत. बाहेर पाठवण्याआधी अक्का प्रत्येक नाव बदलायला लावत आणि त्या जागी भाजीचं नाव घालायला लावत. भेंडी एक, दोडका दोन, वरणा तीन. एकदा परदेशातून एका इंजिनिअरचं उत्तर आलं. नियम दुरुस्त केला होता, रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून आभार मानले होते आणि शेवटी नम्रपणे विचारलं होतं, हे 'दोडका' तुमच्याकडचं तपासणीचं एखादं यंत्र आहे का. अक्कांनी त्याला दोडक्याची भाजी कशी करायची ते इंग्रजीत चार ओळींत कळवलं. कूट किती ते चमच्याच्या मापानं.

नावं बदलून झाली की त्या ओळी मोजत. "नावं बदलायची, ओळ जायला न्हाई पायजे. बदलायच्या आधी किती, नंतर किती." दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मूळ प्रतीसोबत पाकिटात जायची आणि पाकीट कपाटात. बारा वर्षांत ते आकडे वेगळे निघाल्याचं मला आठवत नाही. एक वेळ सोडून.

ही सवय त्यांनी घरीही नेली होती. मंगळवार पेठेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाला एक मेकॅनिक होता. एकदा त्यांची स्कूटर सुरू होईना म्हणून मी ढकलत तिथवर नेली. त्यानं प्लगला पाना लावला आणि अक्का म्हणाल्या, "थांब. हात लावू नको. आधी किक मार, मी ऐकतो."

त्यानं मारली.

"परत एकदा. आता चोक ओढून." तळहात वर करून घड्याळात बघितलं.

मेकॅनिकनं पाना खाली ठेवला. "अक्का, गाडी दुरुस्त करायची हाय का पंचनामा करायचाय?"

"मागल्या महिन्यात तू प्लग बदललास. त्याच्या आधी बी प्लगच बदललास. गाडी तिथंच हाय न्हवं? प्लगचं काय चुकलंय ते तरी त्याला कळू दे."

पेट्रोलच्या नळीत कचरा निघाला. पुढं तो मेकॅनिक गिऱ्हाइकाला विचारायचा म्हणे, कधीपासनं होतंय पावणं, गार असताना का तापल्यावर.

आता मी माझ्यापाशी येतो. टाळत होतो.

अक्कांच्या भावाचं इचलकरंजीत ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी नऊ दिवस रजा घेतली. जाताना म्हणाल्या, "काय अडलं तर फोन कर. फोन नको वाटला तर निदान वेळ लिहून ठेव."

दुसऱ्याच दिवशी एक्स-रे दिसेनात. बाहेरच्या एका कंपनीच्या माणसानं आदल्या संध्याकाळी त्या फाइली नव्या डिस्कवर हलवल्या होत्या. प्रत्येक फाइलीवर पहारेकऱ्यासाठी एक चिठ्ठी असते म्हणा, ही कुठली, हिला कोण हात लावू शकतं. फाइली हलल्या, चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या, म्हणून पहारेकरी कुणाला हात लावू देईना. चिठ्ठ्या ताज्या करायला एक आज्ञा पुरली असती. लॉगच्या चार ओळी वाचल्या असत्या तर मला ते कळलं असतं. पण दारात हाडांचे डॉक्टर उभे होते, त्यांच्यामागं मॅनेजर, आणि बाहेर बाकावर प्लास्टरवाले पेशंट. मी पहारेकऱ्याला ढिला केला. क्षणात सगळं दिसायला लागलं.

मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा. तुमच्या अक्का असत्या तर दुपार झाली असती."

मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. घाईत चूक झाली असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं, पण घाई त्या पहिल्या पाच मिनिटांची होती. नंतर सबंध दिवस रिकामा होता, दुसरा दिवस रिकामा होता. पहारा पुन्हा लावायचा तर चिठ्ठ्यांचं कोडं सोडवावं लागलं असतं, आणि तेवढ्यात एक्स-रे पुन्हा बंद पडले तर खांद्यावरचा तो हात निघाला असता. मी काही केलं नाही. अक्कांना फोन केला नाही. वेळही लिहिली नाही.

सातव्या दिवशी, पेशंटना घरबसल्या रिपोर्ट दिसावेत म्हणून जे पान होतं त्यातून कुणीतरी आत शिरलं, आणि ढिल्या पहारेकऱ्यानं अडवलं नाही. आमच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. सर्व्हरवरचं काही वाचता येईना. गेल्या काही दिवसांचे रिपोर्ट गेलेच. लोकांना बोलावून पुन्हा रक्त घ्यावं लागलं. एक म्हातारे गृहस्थ आजऱ्याहून दुसऱ्यांदा आले होते. त्यांनी बाही स्वतःच वर केली आणि दंड पुढं केला. मी काउंटरपाशी उभा होतो, तिथून बाजूला झालो.

अक्का रजा मोडून आल्या. पर्स खांद्यावरच ठेवून म्हणाल्या, "कुणी कशाला हात लावू नका." लॉगची एक प्रत रोज आपोआप दुसऱ्या मशीनवर जाईल अशी सोय त्यांनी फार पूर्वी केली होती. तेवढीच वाचली होती.

मग त्यांनी मला विचारलं, "तम्मा, मी नसताना काय बदललं?"

"काही नाही, अक्का."

त्यांनी परत विचारलं नाही. लॉगमधल्या त्या सात दिवसांच्या ओळी काढल्या, मोजल्या आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. चौकशीसाठी बाहेरची कंपनी नेमली होती, तिला लॉग जायचा होता. "नावं बदल आणि दुपारपर्यंत पाठव. ओळी मोज."

मी भाज्यांची नावं घालत गेलो. घेवडा चाळीस, कारलं एक्केचाळीस. आणि मग ती ओळ आली. पहारेकऱ्याला कुणी ढिला केलं तर तो तेही लिहून ठेवतो, हे मला माहीत होतं. पण सर्वाधिकारी होऊन आज्ञा दिली तरी मूळ लॉगिन कुणाचं, हेही तो लिहितो, याचा मी कधी विचार केला नव्हता. ओळीत वेळ होती आणि माझा लॉगिन क्रमांक होता.

मी ती ओळ काढून टाकली. नावं बदलायलाच बसलो होतो, बोट कळीवरच होतं. माझ्याकडून एवढ्या सहज दुसरं काही झालं नसेल.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"ओळी?"

"मोजल्या."

अक्कांनी तळहात वर केला, वेळ बघितली आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं.

चौकशी वरच्या मजल्यावर झाली. कंपनीच्या माणसानं सांगितलं, पहारा दुसऱ्या दिवशी ढिला झाला हे आसपासच्या ओळींवरून कळतं, पण कुणी केला ते सांगणारी नोंद सापडत नाही. पासवर्ड कुणाकडं होता? आम्हा दोघांकडं. मॅनेजरांनी माझ्याकडं बघितलं. अक्का माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. मी म्हणालो, "मला माहीत नाही, सर. अक्का इचलकरंजीहूनही लॉगिन करायच्या."

यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं. त्या रजेत दोनदा त्यांनी तसं लॉगिन केलं होतं, लॉगची प्रत जातेय का ते बघायला.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या मॅनेजरांना म्हणाल्या, "सर्व्हर माझ्या ताब्यात हाय. लांबनं लॉगिन केलं तेव्हा पहारा चालू हाय का ते मी बघितलं न्हाई. एवढं लिहा."

त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा लागला. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. ते त्यांनी केसपेपरच्या खिडकीवर काढले. मला त्यांची खुर्ची मिळाली, एसीची बादली मिळाली, कपाटाची किल्ली मिळाली. येता-जाता खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. "कधीपासनं दुखतंय? काय करताना दुखतंय? पाणी भरताना का बसल्यावर?" मी खिडकीवरून जायचं सोडून मागच्या दारानं यायला लागलो.

कपाट मी उघडलं नाही. उघडलं ते त्या निवृत्त झाल्यावर, एका जुन्या कागदासाठी. ते पाकीट वरच होतं. आत मूळ प्रत आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन आकडे, एकाखाली एक. खालच्यात एक कमी; पाठवलेल्या प्रतीतल्या ओळी त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. त्यापुढं वेळ लिहिलेली. बाकी काही नाही, मत नाही.

अकरा महिने त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खुर्चीत बसलो, उठलो, चहाला गेलो, चहा न घेता परत आलो. पुढचे दोन आठवडे असेच. कुणी "साहेब, मशीन अडकलंय" म्हणून आलं की मी विचारायचो, किती वाजता झालं, आणि माझाच आवाज मला नकोसा व्हायचा.

शेवटी एक पत्र लिहिलं, व्यवस्थापनाला उद्देशून, आणि ते घेऊन मंगळवार पेठेत गेलो. घरात खोकी बांधलेली होती. अक्का निपाणीला बहिणीकडं कायमच्या चालल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, ती ओळ मी काढली. पहारा मीच ढिला केला होता."

त्या खोक्याची सुतळी बांधत होत्या. गाठ पूर्ण केली.

"मला म्हाईत हाय."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू न्हाई म्हणाला असतास. आणि एक खोटं." मग दुसरी सुतळी ओढत, "राग आलता. लई आलता. चौकशीत माझं लॉगिन सांगतानाचं तुझं तोंड अजून दिसतंय. मला वाटलं, दोन दिवसांत येईल. मग वाटलं, महिन्यात येईल. मी त्या खिडकीत बसून वाट बघितली, तम्मा. तू मागल्या दारानं जायलास."

मी पत्र पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला, खोक्यावर कागद ठेवला आणि केसातून पेन काढलं. मी लिहिलं होतं, 'सकाळी सुमारे पावणेअकरा वाजता'.

"सुमारे काय? दहा अठ्ठेचाळीस." त्यांनी खोडून वर लिहिलं. पुढं वाचत गेल्या. काय करताना, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. ओळ कशी काढली, मूळ प्रत कुठं आहे. तिथं मान हलवली. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की मला अतिशय पश्चात्ताप होतो, अक्कांसारख्या व्यक्तीला माझ्यामुळं त्रास झाला वगैरे. त्या परिच्छेदावर त्यांनी एक तिरकी रेघ ओढली.

"हे मत हाय. काढ. आणि मला कशाला दावतोस? ज्याला दुरुस्त करता येतंय त्याला द्यायचं असतंय. दे आणि पोच घे."

पत्राचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. बैठका झाल्या, मूळ प्रत तपासली गेली. पाच महिन्यांनी अक्कांचा शेरा निघाला आणि माझ्या नावापुढं लागला. प्रमुखपद गेलं, नोकरी राहिली. शेरा निघाल्याचं पत्र निपाणीला गेलं तेव्हा अक्का वारल्याला दोन महिने झाले होते. त्यांच्या बहिणीनं पत्र घेतलं आणि मला फोनवर विचारलं, हे कशाचं हाय. मी सांगितलं. नीट सांगितलं का, अजून कळत नाही. कधीकधी वाटतं, परत फोन करून चार प्रश्नांच्या क्रमानं सांगावं.

त्यांना शेवटचं बघितलं ते निपाणीला निघाल्या त्या दिवशी. पत्र मी त्याच सकाळी दिलं, आवक क्रमांक घेतला आणि रिक्षानं स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर कागदांची ती पिठाची पिशवी.

"दिलं, अक्का." मी आवक क्रमांक सांगितला.

"किती वाजता?"

 बघितलंच नव्हतं.

अक्कांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, लॅबची छपाई अडली त्या दिवशी काढला होता तसा. "रिक्षानं आलास का चालत?"

"रिक्षानं."

"सिग्नलला थांबलास?"

"एकदा."

कंडक्टरनं घंटी दिली. त्यांनी तळहात वर करून घड्याळ बघितलं, मनातल्या मनात रिक्षाची मिनिटं वजा केली आणि तिकीट उलटं करून त्याच्यावर लिहायला लागल्या. मी खिडकीबरोबर थोडं चाललो. त्यांनी वर बघितलं नाही, हात हलवला नाही. गाडी फाटकातून वळली तेव्हाही त्यांची मान खालीच होती.